थोपटू नकोस

ताईचा डावा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मैदानात तिच्या घोडीवर दुसरीच मुलगी बसली होती.

तिची घोडी हे आपलं म्हणायचं. शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या खेळात, स्वाराचं स्वतःचं असतं ते बहुधा खोगीरच. घोडी होती तबेल्याच्या मालकीणबाईंची. तबेल्यात तिला ‘सरकार’ म्हणत, कारण तिची मर्जी सांभाळताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत.

ताईचे वडील बेकरीत भट्टीवर, आई शिवणकाम करणारी. लीद उचलायच्या बोलीवर ताई तबेल्यात शिरली आणि पुढे तिने देशाच्या संघाचा कोट अंगावर चढवला. त्याच्या बाह्या आईने आखूड केल्या. सरकारवर बसून तिने देशोदेशीचे अडथळे ओलांडले. परदेशात पहिलं पदक मिळालं तेव्हा वडिलांनी फोनवर विचारलं, “तू जिंकलीस की घोडी?”

“घोडी.”

“मग तिला दे फोन.”

अशी ही ताई घरच्या जिन्यावरून पडली. स्पर्धांचा मोसम तोंडावर आलेला. मालकीणबाईंनी नवी मुलगी आणली. आज दोघींचं जमलं, तर सरकार तिच्याबरोबर परदेशी जाणार. नाहीच जमलं, तर ताईचा पाय बरा होईपर्यंत थांबणार.

लगामावर मुलीचा हात हलका होता. पहिला अडथळा सुरेख पार झाला. तिने खूश होऊन घोडीच्या मानेवर थाप मारली. सरकारचे कान मागे गेले. पुढच्या अडथळ्यापुढे ती खांबासारखी उभी राहिली. मुलीने वळसा घेतला, समजावलं, पार केलं, पुन्हा थाप. पुन्हा खांब.

“सरकारांना तुम्हीच हव्यात,” घोडीची निगा राखणारा मोतद्दार ताईच्या कानाशी कुजबुजला. “तुम्ही फक्त गप्प बसा.”

ताई गप्पच होती. सुरुवातीला तिनेही घोडीला असंच थोपटलं होतं, आणि सरकार अशीच अडली होती. लगाम बदलला, खोगीर बदललं, डॉक्टर झाले. मग एकदा बोलता बोलता तिने सहज घोडीच्या मानेचं बूड खाजवलं, आणि सरकारने लांब उसासा टाकून डोकं खाली सोडलं. सगळ्या घोड्यांना शाबासकी वाटणारी थाप या एकीला मार वाटायची.

“राहू दे,” मालकीणबाई ताईला म्हणाल्या. “घोडी तुझीच दिसतेय. थांबू आपण.”

हेच ऐकायला ताई सकाळपासून तिथे बसली होती. पण मैदानात सरकार घामाने निथळत होती. उडी चांगली मारूनही मार का मिळतोय, हे तिला कळत नव्हतं.

“अगं, थोपटू नकोस तिला!” ताई ओरडली. “मानेच्या बुडाशी खाजव!”

“इथे?”

“अजून खाली. जोरात! गुदगुल्या काय करतेस?”

घोडीचा ओठ लांबला. उसासा आला. मग तिने सगळे अडथळे पार केले, एकही दांडा न पाडता.

“एक पाय प्लास्टरमध्ये,” मोतद्दार म्हणाला, “दुसऱ्यावर धोंडा. वा, ताई!”

“जिने मला पाठीवर घेऊन जग दाखवलं, तिला मार खायला पाठवू?” ताईचा आवाज ओला झाला होता, पण चेहरा उजळला होता.

मालकीणबाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ताईने मान डोलावली. ठरलं.

मुलगी घोडीला चालवत कुंपणापाशी आली. “अजून काही सांगायचं राहिलंय का?”

“पुष्कळ,” ताई म्हणाली. “पण आधी खोगीर उतरव. सरकारांना घाम आलाय.”