ई-ड्राइव्हचा नंबर

नायगावच्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर एक आणि हक्क सांगणारे चार. बाबांनी वाटणी करून टाकली होती. डी ड्राइव्ह त्यांचा, ई आईचा. सीला कोणी हात लावायचा नाही. ताईला काहीच नाही, कारण ती लग्न करून जाणारच. यावरून ताईने बाबांशी अबोला धरला होता.

आईचा ई म्हणजे बाहेरून जोडायची हार्डडिस्क. पण आधी कोणी पेनड्राइव्ह खुपसला, की कॉम्प्युटर ई त्याला देऊन मोकळा व्हायचा. मग हार्डडिस्कच्या वाट्याला एफ, आणि आईचं काहीच सापडायचं नाही. अक्षर कायमचं ठरवून देता येतं, हे सांगून माझा घसा बसला. पण बाबांचं आयुष्य चाळीच्या नळावर गेलेलं. नळाखाली रिकामा हंडा ठेवून नंबर लावतात, तसा त्यांनी एक रिकामा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला खोचून ठेवला. आईला काम असलं की तो काढायचा आणि पटकन तिथे हार्डडिस्क लावायची. सांगायला लाज वाटते, पण चालायचं.

मग ताईचं लग्न ठरलं. हळदीला दाखवायला आईने ताईच्या फोटोंचा स्लाइड शो करायला घेतला. कॉम्प्युटरवर तिने स्वतः केलेली ही पहिलीच गोष्ट. चष्मा लावून तासन्‌तास बसायची, कोणाला बघू द्यायची नाही. मला फार कौतुक वाटायचं आणि धाकधूकही. कारण फोटो सगळे ईवर, स्लाइडमध्ये नुसता त्यांचा पत्ता.

हळदीच्या दिवशी चाळीच्या गॅलरीत भिंतीला चादर लावली, भाड्याचा प्रोजेक्टर आणला. बाबांनी रिकामा पेनड्राइव्ह काढला आणि हार्डडिस्कच्या वायरचा गुंता सोडवेपर्यंत मामाने आपला गाण्यांचा पेनड्राइव्ह घुसवला.

"अरे ए, नंबर आमचा होता!" बाबा ओरडले.

"भावोजी, बाजूला जागा आहे की. तिथे लावा ना."

बाबांनी लावली. मी तेव्हा खुर्च्या आणत होतो, नाहीतर तिथे आडवाच पडलो असतो.

चादरीवर पहिली स्लाइड आली. फोटोच्या जागी लाल फुली. दुसरी, लाल फुली. आईचा चेहरा एवढासा झाला आणि मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. खुर्च्या टाकून मी कॉम्प्युटरकडे धावलो.

तेवढ्यात आई उठून चादरीजवळ गेली. "हा गॅदरिंगचा," ती म्हणाली. "हिला गाजर केलं होतं. स्टेजवर गेली आणि मुळा झालेल्या पोरीला चावली." गॅलरी हसली. "पुढचा."

बाबांनी पुढची फुली आणली.

"नोकरीचा पहिला दिवस. माझ्या चपला घालून गेली. मी ह्यांचे बूट घालून दळण आणलं."

माणसं पोट धरून हसत होती. पुढची फुली आली आणि आई जरा थांबली.

"ह्यात काही नाही. ही नुसती झोपलीये. मला आवडतं बघायला."

ताई हळदीसकट रडायला लागली. तोवर मी मामाचा पेनड्राइव्ह उपटला, हार्डडिस्क काढून परत लावली आणि आईला तिचा ई मिळवून दिला. पुढच्या स्लाइडला चादरभर खराखुरा फोटो झळकला. मी शाबासकीसाठी वर पाहिलं.

"अरे मेल्या, बंद कर ते!" मागून कोणीतरी ओरडलं. "वहिनी सांगतायत ना!"

आईने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लाव बघू ती फुली परत," ती म्हणाली.