गेममधल्या बैलांचा पोळा

बैलांची शिंगं रंगवायच्या हिंगुळाचा वास आला की मला लेकीचा जुना कम्प्युटर आठवतो. देवळालीतल्या आमच्या घरी ऐन पोळ्याच्या दिवशी ती लढाईचा गेम खेळत बसली होती. कित्येक दिवस अडलेला किल्ला आता पडणार होता, आणि तिच्या फौजेला धान्य बैलगाड्यांतून चाललं होतं. मी तेव्हा भारीच धार्मिक. "पोळ्याला बैल जुंपतीस व्हय?" म्हणत, शिंगं रंगवून लाल झालेल्या हातानं मी माऊस ओढला नि गाड्या थांबवल्या. फौज उपाशी राहिली, किल्ला हातचा गेला. "आई, गेममधी पोळा नसतो," लेक रडवेली झाली. "मग बनवणाऱ्यांना कळव, घाला म्हणावं," मी ऐटीत म्हणाले. त्यांनी काही घातला नाही. परवा नातीनं स्वतः बनवलेल्या गेममध्ये घातला. पोळ्याला दोन्हीकडचे बैल मोकळे. मी तिच्याविरुद्ध खेळत होते. तिचे बैल सुटून धान्य थांबलं, तेवढ्यात मी शिपाई घेऊन तिच्या किल्ल्यात शिरले. "आजी, आज पोळा हाय ना?" "बैलांचा गं. शिपायांना कुठं सुट्टी असती?"