मॅचिंग नको

आमच्या इमारतीखाली एक मॅचिंग सेंटर होतं. नळाला पाणी येण्याआधी, वॉचमन मिळण्याआधी, समोरच्या चिखलाला रस्ता म्हणावं असं काही होण्याआधी ते दुकान तिथे होतं. भाईंदरच्या जेसल पार्कात तेव्हा निम्मे ब्लॉक रिकामे. खाडीकडून खारट वारा यायचा, आणि दुपारी अशी सामसूम की कुकरची शिट्टी झाली तर कुणाच्या घरची ते ओळखू यावं. अशा जागी पहिलं दुकान कशाचं निघावं, तर ब्लाउजपिसांचं! बायकांची नस ओळखणारा माणूस होता तो दुकानदार.

ऐंशीचं दशक संपता संपता लग्न होऊन मी परळहून इथे आले. चाळीत एकटेपणा औषधालाही मिळत नव्हता, इथे तो फुकट होता. नवरा एका कंपनीची मशिनं दुरुस्त करत गुजरात, मध्य प्रदेश असा फिरायचा. महिन्यातले थोडेच दिवस घरी. माणूस वाईट नव्हता, पण मी काय नेसलेय हे त्याने कधी पाहिलं नाही. "कशी दिसतेय?" म्हटलं की पेपरातून मान वर न काढता "छान" म्हणायचा. एकदा मी फडकं खांद्यावर टाकून विचारलं, तरी छानच म्हणाला.

ओढाताणीचं काय सांगायचं, नव्या ब्लॉकच्या हप्त्यात सगळ्यांचीच असते. माझ्याकडे साड्या बेताच्या आणि बहुतेक सुती. पण आईने सांगून ठेवलं होतं, साडी जुनी असली तरी चालेल, मरगळलेली चालणार नाही. भाताची पेज गाळून मी साड्यांना खळ द्यायची आणि ओलसर असतानाच दोन्ही हातांनी ताणून वाळत घालायची. ब्लाउज मात्र कधी मॅचिंग घातला नाही. चाळीत आई उरल्यासुरल्या कापडातून आमचे ब्लाउज शिवायची, कधी खणाचा, कधी पडद्याच्या तुकड्याचा. त्यामुळे हिरव्या साडीवर मरून, पिवळीवर जांभळा, हीच आमच्या घरची रीत. गरजेपोटी पडलेली रीत खरी, पण डोळ्यांत बसली ती बसली. मोरपंखी साडीवर मोरपंखीच ब्लाउज दिसला की मला भिंतीला रंग दिल्यासारखं वाटायचं.

पहिल्यांदा मी हिरवी साडी घेऊन दुकानात गेले, तेव्हा त्याने ती शिरस्त्याप्रमाणे दिव्याखाली धरली आणि हिरव्या कापडांचे गठ्ठे भराभर खाली काढले.

"मॅचिंग नको," मी म्हटलं.

"भाभी, मॅचिंग सेंटर में आके मॅचिंग नको?"

"वो मरून दिखाव."

त्याने दाखवला, पण तोंड असं केलं की जणू मी चहात घालायला मीठ मागितलं होतं.

इमारतीतल्या बायकांनी सरळ अर्थ काढला. बिचारीची परिस्थिती नाही, साडीला जुळणारा ब्लाउजही शिवता येत नाही. हे मी जिन्यात माझ्या कानांनी ऐकलं आणि रागाने कानशिलं तापली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडची सगळ्यात भांडणारी जोडी घातली, करडी साडी आणि राणी कलरचा ब्लाउज, आणि मान ताठ करून भाजी आणायला गेले. भाजी घ्यायचीसुद्धा नव्हती.

मग हळूहळू वारं फिरलं. तिसऱ्या मजल्यावरची गुजराती बेन, जिच्या जॉर्जेटच्या साड्या एकदा नेसल्या की परत दिसत नसत, ती एके दिवशी दार वाजवून म्हणाली, "हे कलर तुमी कसा जोडते? मला पन सांगो ने." पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "पहिले माले की भाभी जैसा कॉन्ट्रास्ट ले जाओ." ज्यांच्या कपाटात जरीच्या साड्यांची चळत होती, त्या माझ्या पडद्याच्या कापडाच्या ब्लाउजला हात लावून बघायच्या. मी मनातल्या मनात फुगले, खोटं कशाला बोलू.

पण सगळ्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारायच्या. चहाला बसा म्हटलं की प्रत्येकीचं दूध गॅसवर असायचं. तू कुठली, दिवसभर करतेस काय, एकटीला करमतं का, हे एकीनेही विचारलं नाही. माझे ब्लाउज सगळ्यांना पाठ होते, मी कुणालाच माहीत नव्हते. मला एक मैत्रीण हवी होती, घरात येऊन पाय पसरून बसेल अशी. एवढंच मागणं होतं आणि ते बोलून दाखवायची लाज वाटायची.

समोरच्या इमारतीत माझ्याच उंचीवर एक बाल्कनी होती. तिथे एक बाई रोज सकाळी कपडे वाळत घालून ऑफिसला जायची. सावळी, शिडशिडीत, केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर काळी पोत सोडली तर दागिना नाही. साड्या तिच्याकडे माझ्याहूनही कमी. ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण तिची दोरी माझ्या डोळ्यांसमोर होती. तरी दर वेळी वाटायचं, ही साडी नवी दिसतेय. बरेच दिवस निरखल्यावर गोम कळली. जुन्या फाटक्या इरकलीचे काठ उसवून ती साध्या साडीला लावायची, आणि काही महिन्यांनी काढून दुसरीला. एकच निळी साडी कधी लाल काठाची, कधी पिवळ्या. आणि नेसून चालायची अशी की रस्त्यातल्या खड्ड्यांनीच बाजूला व्हावं.

एका सोमवारी मी माझी हिरवी साडी दोरीवर टाकली आणि शेजारी मरून ब्लाउज. दुसऱ्या दिवशी तिच्या दोरीवर मरून साडी आणि शेजारी हिरवा ब्लाउज. मी हसले. योगायोग असेल म्हणून मी पिवळी आणि जांभळा टाकून पाहिलं. दोन दिवसांनी समोर जांभळी आली, पिवळ्या काठाची! त्यानंतर आमचं हेच चालू झालं. ती मान वर करून बघायची, मी बघायची, आणि दोघी आत जायचो. रस्त्यात समोरासमोर आलो तर नुसतं ओळखीचं हसू. बोलायचं कसं? सुरुवात करायला काही निमित्त नको का? परळची मी, तिथे दाराला कडी नसायची, आणि इथे एका बाईला "काय, झाला का स्वयंपाक?" विचारायला माझी जीभ उचलत नव्हती.

मे महिन्यातल्या एका सकाळी तिच्या बाल्कनीत पाहिलं तर ती पांढऱ्या साडीत. आत अजून दोघी-तिघी बायका, त्याही पांढऱ्या साड्यांत. पुरुषांचे सदरे पांढरे. माणसांची ये-जा चालली होती. कोण गेलं असेल हिचं? बोलायला निमित्त हवं म्हणत होते मी, ते हे असं यावं?

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. मी पातेलंभर पिठलं केलं, भात केला. केसांतला गजरा काढला, कपाळावर लहान टिकली लावली, माझ्याकडची सगळ्यात विटकी साडी खळ न देताच नेसले, आणि डोळे खाली ठेवून तिचा जिना चढले.

दारात तीच उभी. मी पातेली पुढे केली आणि म्हणाले, "चार घास खाऊन घ्या सगळ्यांनी. धीर धरा."

तिने पातेल्यावरचं झाकण उचललं. पिठलं बघितलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. आतून खिरीचा वास येत होता. भिंतीशी टेबलावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं. पोरंबाळं खिदळत होती.

"कुणी गेलं नाही, ताई," ती हळूच म्हणाली. "आज बुद्धपौर्णिमा हाय. आमच्यात पांढरं सणाला नेसतेत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी वळले तर तिने माझं मनगट धरलं. "चाललात कुठं? आत या की." आतल्या म्हातारीने विचारलं, काय आणलंय गं. ती म्हणाली, "समोरच्या ताईंनी जेवण आणलंय. सणाला आल्यात." बास, एवढंच. मला पाटावर बसवलं, खिरीची वाटी हातात दिली, आणि स्वतः माझ्यासमोर ताट घेऊन बसली. ताटात पिठलं-भात वाढून घेतलेला. पांढऱ्या साडीवर एक डाग पडू न देता तिने तो सगळा खाल्ला. मधेच माझ्या साडीकडे बघून म्हणाली, "ही कुठून काढली? ही तर तुमच्या दोरीवर कधी दिसली न्हाई." मग मात्र दोघींनाही हसू आवरेना.

ती मूळची जालन्याकडची, सरकारी ऑफिसात टायपिस्ट. नवरा शाळेत शिक्षक. तुम्हीवरून तूवर यायला आम्हाला फार दिवस लागले नाहीत. शनिवारी दुपारी ती ऑफिसातून थेट माझ्याकडे यायची, पंख्याखाली पाय पसरून बसायची, आणि आम्ही काठ उसवायचो. आमच्या इमारतीतल्या एकीने मला जिन्यात अडवून विचारलं, "ती लोकं जेवतात का हो तुमच्याकडे?" मी म्हटलं, "जेवतात, आणि पानात टाकत नाहीत." त्यानंतर माझ्याकडे रंग विचारायला येणाऱ्या दोघी यायच्या बंद झाल्या. गेल्या तर गेल्या.

अशी काही वर्षं गेली, माझ्या इथल्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं. मग तिच्या नवऱ्याने मीरा रोडला पूनम सागरकडे मोठा ब्लॉक घेतला. एक स्टेशन तर आहे, रोज येईन, ती म्हणाली. एक स्टेशन म्हणजे काही परदेश नव्हे. पण रोजचं आठवड्यावर गेलं, आठवड्याचं सणावर, आणि मग आम्ही एकमेकींना फोन करायचं ठरवण्यापुरते फोन करू लागलो. तिची पोरं मोठी होत होती. मला मूल झालं नाही. समोरच्या बाल्कनीत नवे लोक आले आणि दोरीवर गाऊन वाळू लागले. तेव्हा भाईंदरात बायका गाऊनवर ओढणी घेऊन पार स्टेशनापर्यंत जाऊन यायच्या. मी सवयीने माझी जोडी दोरीवर टाकायची. समोरून काही उत्तर यायचं नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरलं असताना नवरा टूरवरच गेला. हृदय बंद पडलं. परक्या गावात, लॉजच्या खोलीत. कुणी जवळ नव्हतं. मला अजून तेच टोचतं. इथे मी एकटी, तिथे तो एकटा, आणि दोघांनीही एकमेकांना ते कधी सांगितलं नव्हतं.

घर माणसांनी भरलं. नणंदेने माझं कपाट उघडलं आणि साड्या दोन ढिगांत लावल्या. बिस्किटी, राखी, फिक्या एका बाजूला. हिरवी, पिवळी, जांभळी दुसऱ्या बाजूला. "पांढरं नको गं," ती म्हणाली, "आता इतकं कुणी पाळत नाही. पण जरा फिकंच नेस. आणि ब्लाउज आता मॅचिंगच बरे दिसतील." तिचा हेतू वाईट नव्हता. मी मान हलवली. कुणासाठी भांडू? ज्याने कधी पाहिलं नाही तो गेला होता, आणि जी बघायची ती लांब राहायला गेली होती.

तेराव्यानंतर सगळे आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दुपारी दार वाजलं. ती होती. मधेही येऊन गेली होती, पण गर्दीत नुसता हात दाबून. आज एकटी आली, हातात पातेलं आणि बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. पातेल्यात पिठलं होतं. आम्ही दोघी जेवलो. ती काही समजूत घालायला गेली नाही. भांडी धुऊन झाल्यावर तिने कागद उलगडला. आत साडी होती. पांढरी.

माझा हात मागे आला. नणंदेनेही जे नको म्हटलं, ते हिने आणावं? मी तिच्याकडे पाहिलं आणि मला खरंच राग आला. "तू सुद्धा?" मी म्हटलं.

"नीट बघ तरी," ती म्हणाली.

साडीला इरकलीचे काठ लावले होते, बारीक टाक्यांचे, हाताने. हिरवे, आणि आत मरून रेघ. आमच्या पहिल्या सोमवारचे रंग.

"आमच्यात पांढरं सणाला नेसतेत," ती म्हणाली. "विसरलीस व्हय?"

मी रडले. इतक्या दिवसांत माणसांसमोर रडले नव्हते ते तेव्हा रडले. तिने ब्लाउजपीस आणलं नव्हतं. म्हणाली, "ते तुझं तू बघ. त्यात मी कोण सांगणार?" संध्याकाळी ती रिक्षाने गेली. घरात पुन्हा तीच सामसूम.

दोन दिवसांनी मी साडी घेऊन खाली दुकानात गेले. दुकानदाराला सगळं कळलेलं होतं. त्याने माझ्याकडे न बघता साडी घेतली, दिव्याखालीसुद्धा धरली नाही, आणि मागे वळून पांढऱ्या कापडांचे गठ्ठे काढले. एकावर एक ठेवत गेला, अगदी हळू, आवाज न करता.

"मॅचिंग नको," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. मग शिडी लावली, वरच्या फळीवरून मरूनचा गठ्ठा काढला आणि दिवा माझ्या बाजूला वळवला.