डुमस: मोर्सची शेवटची सकाळ

जी गोष्ट उद्यापासून बंदच होणार आहे, ती आज बघायला कशाला जायचं? आईने भाकरी थापता थापता हा प्रश्न विचारला. मी बी.एस्सी. झाले, घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं असा आईचा समज आहे. मी एवढंच म्हटलं, "जहाजांची तार बंद होतेय. शेवटची तार ऐकायला मिळणार आहे."

"आपलं कोन शे जहाजवर?" आई म्हणाली.

आमचं कोणीच जहाजावर नाही. आम्ही शिरपूरकडचे, सुरतेत लिंबायतमध्ये राहतो, आणि नाना म्हणजे माझे वडील लूम चालवतात. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोर्सची एक पितळी कळ होती. ती दाबून मी आणि माझी मैत्रीण एकमेकींना नावं पाठवायचो, तेव्हापासून मला त्या टिंब-रेघांचं वेड आहे. गुजराती पेपरात चार ओळींची बातमी आली. किनाऱ्यावरची केंद्रं जहाजांशी मोर्सने बोलणं एकेक करून थांबवताहेत, आता सगळं उपग्रहावरून होणार. केरळातलं असंच एक केंद्र बुधवारी सकाळी शेवटचं बोलणार होतं आणि डुमसला राहणारे एक निवृत्त रेडिओ ऑफिसर ते घरी ऐकणार होते. आवड असेल त्यांनी यावं, असं लिहिलं होतं. मला आवड होती.

बुधवारी नानांच्या खात्याला सुट्टी. खातं म्हणजे लूमची शेड. नाना म्हणाले, "मी बी येस. एकोणीस वरीस व्हयनात सुरतले, समुद्र देखा नही."

आईने कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून दिला. सकाळी साडेसातला निघालो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: लिंबायतहून शेअर रिक्षाने गरनाळ्याखालून, म्हणजे रेल्वेपुलाखालून, स्टेशन गाठायचं, तीन रुपये पडतात, आणि स्टेशनवरून डुमसची बस. उजव्या बाजूच्या खिडकीला बसा. अठवालाइन्स मागे पडली की गर्दी संपते, शेतं लागतात, आणि मगदल्ल्याच्या अलीकडे झाडांमधून तापी दिसते. हिवाळ्यात गेलात तर वाटेत पोंक मिळतो, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, शेव आणि लिंबू घालून. आम्ही पाव किलो घेतला आणि बसमध्येच संपवला. नाना सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाऊ ते आपला हुरडा. यासनी नाव बदललं." लूमवर काम करणारी माणसं अशीच बोलतात. शंभर लूमच्या खडखडाटात हळू बोलून कोणाला ऐकू जाणार? तरी मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या रेडिओ ऑफिसरचं, म्हणजे हसमुखकाकांचं घर गावात विचारल्यावर लगेच सापडलं. "एरियल वाळुं घर?" एका बाईने हात केला. छपरावर बांबू, बांबूला तार, तारेवर एक टॉवेल वाळत घातलेला.

काका सत्तरीचे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आम्हाला बघून ते थोडे गोंधळले. बातमी वाचून आम्ही दोघंच आलो होतो. तिसरे इब्राहिमभाई, रांदेरचे, तेही जहाजावर रेडिओ ऑफिसर होते आणि काकांचे जुने मित्र. काकांच्या पत्नी कुसुमबेन चहा घेऊन आल्या.

"मराठी येते मला," काका म्हणाले. "मुंबईला शिकलो. पण शिव्या जास्ती येतात, म्हणून बेन, तुमच्यासमोर कमी बोलतो."

"कान पासे बोलो, दीकरी," कुसुमबेनने मला सांगितलं. "एने ओछुं संभळाय छे."

काकांना कमी ऐकू येत होतं. इंजिनाच्या आवाजात काढलेली वर्षं आणि वय. शब्द कळतात, पण बारीक आवाज एकमेकांत मिसळतात, असं ते स्वतःच म्हणाले. आणि आज त्यांना नेमका बारीक आवाजच ऐकायचा होता.

केंद्रावर त्यांचा एक मित्र होता, नायर. तीस वर्षं दोघं बोलले, काका जहाजावरून आणि नायर किनाऱ्यावरून, पण एकदाही भेट नाही. नायर दिसायला कसे आहेत हे काकांना माहीत नव्हतं. कळेवरचा हात मात्र हजारात ओळखला असता. "शेवटची रेघ ओढतो तो," काका म्हणाले, "जिना चढून दमलेल्या म्हाताऱ्यासारखी. पंचवीसचा होता तेव्हापण म्हाताराच." आज शेवटचं प्रक्षेपण नायर करणार होते आणि त्यात काकांसाठी एक ओळ पाठवणार होते. नियमात बसत नाही, पण शेवटच्या दिवशी कोण विचारतो. काकांना ती ओळ स्वतः घ्यायची होती.

भिंतीवर मोडीत निघालेल्या जहाजाचं घड्याळ होतं. त्याच्या तबकडीवर पंधरापासून अठरा मिनिटांपर्यंत आणि पंचेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत दोन लाल फाका रंगवलेल्या. काकांनी समजावलं: दर तासाला या दोन वेळा, तीन-तीन मिनिटं, जगातल्या सगळ्या जहाजांनी कळेवरून हात काढायचा आणि नुसतं ऐकायचं. कोणी बुडत असेल, त्याचा आवाज क्षीण असेल, तर तो त्या शांततेत ऐकू यावा म्हणून.

मला हे इतकं आवडलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या समुद्राने एकदम गप्प बसायचं, कोणा अनोळखी माणसासाठी.

पावणेअकराला काटा लाल फाकेत शिरला. नाना विचारत होते, "मंग कोनी बुडेल का—" आणि मी त्यांच्या हाताला हात लावला. कुसुमबेन स्वयंपाकघराच्या दारात ताट हातात धरून उभ्याच राहिल्या. तीन मिनिटांनी त्या हलल्या.

"ते घरी रेडिओ लावून बसले की चाळीस वर्षं मी हे करते," त्या म्हणाल्या. "कुकरसुद्धा उतरवत नाही."

इब्राहिमभाई हसू लागले. "भाभी, मोर्स की चाबी बंद रखनी होती है. कुकर को किसने मना किया?"

कुसुमबेनने नवऱ्याकडे पाहिलं. "मने कोईए कह्युं ज नहीं."

"घर शांत राहत होता," काका म्हणाले. "कशाला सांगू?"

मग त्यांनी आपली वही दाखवली. ते तिला लॉग म्हणत. जहाजावरची वही जहाजातच राहते, ही घरची. प्रत्येक शांततेची वेळ आणि पुढे एकच नोंद: ऐकलं, काही नाही. ऐकलं, काही नाही. पानंच्या पानं. काही ठिकाणी लिहिलं होतं, झोप लागली, ऐकलं नाही. मी विचारलं, घरच्या वहीत हे कशाला लिहायचं, कोण तपासणार? काका म्हणाले, "सही माझी आहे ना, बेन. जो कानाने घेतला नाही तो लिहायचा नाही."

मी वही मिटून दिली. माझी अशीच एक वही आहे. आमच्या गल्लीत संध्याकाळी मी साक्षरता वर्ग घेते, त्याची. तिच्या एका ओळीबद्दल मला त्या खोलीत फार अवघडल्यासारखं झालं.

पुढची शांतता संपली आणि अकरा अठराला केंद्र सुरू झालं. जुन्या लाकडी पेटीच्या स्पीकरमधून टिट-टा-टिट असा किनरा आवाज येऊ लागला. आधी नुसती सगळ्या जहाजांना हाक, पुन्हा पुन्हा. काकांनी हेडफोन चढवले, पेन्सिल धरली. इब्राहिमभाई माझ्या कानात म्हणाले, "पूरा मेसेज दो बार भेजेगा."

पहिल्या वेळी पेन्सिल हललीच नाही. इब्राहिमभाईंचे ओठ हलत होते, त्यांना सगळं कळत होतं. शेवटची रेघ खरोखर लांब ओढलेली होती, ती मलाही कळली.

काकांनी हेडफोन काढले. "नुसती शिटी वाजते," ते म्हणाले.

"मैं बोलता हूँ, तू लिख," इब्राहिमभाई म्हणाले.

"नाही."

"अरे हसमुख, कान मेरा हुआ तो क्या हुआ? दोस्त तो तेरा है."

"लखी लो ने," कुसुमबेन म्हणाल्या.

काकांनी पेन्सिलीला टोक केलं आणि वहीत लिहायला घेतलं: वाचता आलं ना—

तेवढ्यात नाना उठले. मला वाटलं, आता काहीतरी मोठ्याने बोलतील. ते मोठ्यानेच बोलले. "साब, कान छोडो. हाथ रखो डब्बे पे."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. नानांनी स्वतःचा तळवा स्पीकरच्या पेटीवर ठेवला. "हमारे खाते में कान किसी के काम का नहीं. लूम पे हाथ रखते हैं. धागा टूटा, धोटा अटका, सब हाथ को मालूम पडता है." मग थोडं थांबून, इब्राहिमभाईंना, "ये आवाज पतला है. मोटा होएंगा क्या?"

इब्राहिमभाईंनी एक बटण फिरवलं. किनरा आवाज खाली उतरत उतरत जाड झाला, टेबलावरची बशी थरथरली. नानांनी काकांचा डावा हात उचलून पेटीवर ठेवला, बोटं पसरली, आणि वर आपला हात दाबला. परक्या, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाचा हात त्यांनी असा धरला होता जणू नवीन कारागिराला शिकवताहेत. "दाबू नको. ढिला रखो."

दुसरी वेळ सुरू झाली. पेन्सिल आधी चाचपडली, एक अक्षर, मग दोन खाडाखोड. मग चालू लागली. काकांनी डोळे मिटले होते. मी श्वास धरून अक्षरं बघत होते. केंद्राचा सर्वांना निरोप, आभार, आणि मग त्यांची ओळ. मराठीत सांगायची तर ती अशी: हसमुख, ऐकतोयस का. आपला... राहिला. मध्ये एक शब्द सुटला, तिथे काकांनी रिकामी जागा सोडली. शेवटी लांब रेघ. त्या रेघेला काका हसले, डोळे न उघडता.

मग पेटीत नुसती खरखर उरली. कोणी बोललं नाही. काटा लाल फाकेत नव्हता, तरी.

"आपला काय राहिला?" काका म्हणाले आणि लगेच हात वर केला. "इब्राहिम, सांगायचा नाही. मी त्यालाच विचारतो."

"इसके लिए केरल जाएगा?"

"रिटायर आहे. जाणार."

काकांनी वहीत सही केली. मग त्यांनी नानांना विचारलं, "तुमचं नाव लिहितो. काय लिहू?" नाना लाजून माझ्याकडे बघू लागले. मी नाव सांगितलं. ठेचा-भाकरीचं फडकं तिथेच सोडलं. इब्राहिमभाईंनी ठेच्याचा मोठा घास घेतला, त्यांना ठसका लागला, आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

दुपारी आम्ही किनाऱ्यावर गेलो. डुमसची वाळू काळी आहे, पांढरी समजून जाऊ नका, आणि ओहोटीला समुद्र फार आत जातो, म्हणून भरतीची वेळ विचारूनच निघा. टोमॅटोची भजी मात्र कोणत्याही वेळी खा. नाना पायजमा वर दुमडून गुडघाभर पाण्यात अर्धा तास उभे राहिले. "खारं शे," ते म्हणाले. कोणी तरी त्यांना फसवत होतं असं त्यांना आजवर वाटत असावं.

परतीच्या बसथांब्यावर इब्राहिमभाईही रांदेरला जायला उभे होते, त्यांनी मला सुटलेला शब्द सांगितला: चहा. आपला चहा राहिला. काका केरळला जाऊन येईपर्यंत कोणाला सांगायचा नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. मागच्या आठवड्यात काका जाऊन आले, म्हणून इथे लिहिलं.

आता घरी बसून विचार करते तर त्या दिवसातलं काय उरलं? मोर्सची पंधरा-वीस अक्षरं मला येतात, ती विसरेन. घड्याळ आठवेल. नानांचा मोठा आवाज ज्या बसमध्ये मला नकोसा वाटला होता, त्याच बसने परत येताना मी त्यांच्याशी तितक्याच मोठ्याने बोलत आले.

आणि वही. साक्षरता वर्गाच्या वहीत गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंद असते; तिथे मी नानांच्या नावापुढे 'लिहिता-वाचता येते' असं लिहिलं होतं. त्यांना फक्त सही येते. शिकवणाऱ्या मुलीचा बाप निरक्षर कसा दाखवायचा, म्हणून मी तसं लिहिलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी तपासणारही नव्हतं. गुरुवारी मी ती वही नानांसमोर उघडली आणि काय लिहिलं होतं ते वाचून दाखवलं.

"खोटं शे," नाना म्हणाले. रागावले नाहीत. "आते खरं लिख."

मी ती ओळ खोडली, 'अजून नाही' लिहिलं, बाजूला सही केली आणि शुक्रवारी वही जमा करून आले. नाना आता रोज संध्याकाळी वर्गात पुढच्या रांगेत बसतात.