परत बोल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची पलटण उत्तरेला सरहद्दीवर गेली. आमच्या चौकीवर एकोणतीस माणसं आणि दोन रेडिओ सेट होते. मी लान्स नायक होतो, रायफल कंपनीतून नुकताच सिग्नल प्लाटूनमध्ये आलेला. गाव कासू, तालुका पेण. वडील भात आणि भातामागून वाल करायचे. आमच्या आळीतला मी पहिला ग्रॅज्युएट, बी.ए., पेणच्या कॉलेजातून. याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. पलटणीत मला माझ्या नावानं, म्हात्रे म्हणून, फारसं कुणी हाक मारत नसे. सगळे ‘ग्रॅज्युएट’ म्हणत, आणि त्यात कौतुक थोडं, टोमणा जास्त.

सिग्नलचे आमचे उस्ताद हवालदार यशवंत जगदाळे. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. सातारकडचे, अंगानं किरकोळ, आवाज बारीक. शिक्षण सातवी.

सेटवरच्या पहिल्या दिवशी ते मेसेज सांगत होते आणि मी मध्येमध्ये “व्हय, व्हय” म्हणत होतो. आमच्याकडे समोरचा बोलत असला की असं म्हणतात. मेसेज संपल्यावर त्यांनी सेट खाली ठेवला.

“ग्रॅज्युएट, तुमच्या पेणात ‘व्हय’ म्हणजे काय? कबूल, का नुसतं ऐकतोय?”

“दोन्ही, उस्ताद.”

“मग गोळी सुटल्यावर मला कसं कळायचं, कुठलं होतं ते?”

त्यांनी सेट परत उचलला.

“मी काय सांगितलं? परत बोल.”

नकाशावरच्या जागेच्या सहा आकड्यांतले चार मी बरोबर बोललो. दोन चुकले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच ते पाच-दहा सराव. दहाच मिनिटं. मला शब्द चांगले जमायचे, आकडे घसरायचे. म्हणून उस्तादांनी मला महिनाभर फक्त आकडे दिले. कानाशी एक जण मेसटिन, म्हणजे जेवणाचा डबा, वाजवायचा, समोरून आकडे यायचे आणि मी ते परत बोलायचो. चुकलं तरी उस्ताद ओरडत नसत. शेवटी दोनच प्रश्न विचारत.

“आज काय चुकलं? उद्या एकच काय सुधारशील?”

दुसऱ्या प्रश्नाला मी एकदा तीन गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, “एक. तीन सांगणारा एकही करत नाही.”

उत्तर प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहायचं. माझी वही अजून आहे.

पुढे मी हवालदार झालो आणि सर्व्हिस पूर्ण करून घरी आलो. दशक संपायला आलं होतं. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागलो. कासूहून सकाळची रोहा गाडी पकडायची. त्याच गाडीत पेणहून आधीच बसलेला असायचा मधुकर, आमच्या प्लांटच्या कंट्रोल रूमचा ऑपरेटर. पंधरा वर्षांचा अनुभव, पॅनेलवर हात बसलेला. मला तो ‘मिल्ट्री’ म्हणायचा.

दुसऱ्या महिन्यात रमाकांत फिटरचा हात भाजला. तो पंपावर काम करायला निघाला होता. हँडसेटवर त्यानं मधुकरला विचारलं, “पंप बंद करतोस ना? मी खोलतोय.”

मधुकर म्हणाला, “व्हय, व्हय.”

तो ऐकत होता, इतकंच. बंद करतो असं त्याला म्हणायचं नव्हतं. रमाकांतनं पंप खोलला. आत गरम पाणी होतं म्हणून दोन बोटांवर निभावलं. ॲसिड असतं तर हात गेला असता.

चौकशीत दोघंही खरं बोलत होते. एक म्हणाला, मी विचारलं. दुसरा म्हणाला, मी फक्त ऐकलं. मला मात्र पाच वाजताचा तो सेट आठवला.

मॅनेजरकडे मी सरावासाठी शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटं मागितली. ते म्हणाले, “तीन महिने देतो. फरक दिसला नाही तर बंद.”

आता माझी चूक सांगतो. मी अकरा कलमांची यादी केली, भिंतीवर लावली, पहिल्या दिवशी सगळ्यांना रांगेत फॉल-इन केलं आणि परेडच्या आवाजात वाचून दाखवली. मधुकर मागून म्हणाला, “आमी काय शाळंत हाव काय, मिल्ट्री?” सगळे हसले. तिसऱ्या दिवशी वेळेवर आले दोघं जण, आणि त्यातला एक चहाला आला होता.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी पेणला बाजाराला गेलो. एका गणपतीच्या कारखान्यात मधुकर दिसला. कारखाना त्याच्या मामांचा. सीझनमध्ये तो सुट्टीच्या दिवशी तिथं डोळ्यांची आखणी करायला बसतो, हे मला माहीत नव्हतं. शाडूच्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या. रंग झालेला, सोंडेपर्यंत सगळं तयार, फक्त डोळे कोरे. मधुकरनं श्वास धरला, वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली आणि मग श्वास सोडला. पंधरा वर्षं पॅनेलवर बसणारा माणूस तो हाच, असं वाटेना.

“किती दिवसांत शिकलास?” मी विचारलं.

“दिवस? वरीसभर मामानं मला चांगल्या मूर्तीला हात लावू दिला नाय. फुटक्या घ्यायच्या आणि फकस्त वरची पापनी काढायची. खालची नाय, बुबुळ नाय. फकस्त वरची.”

“कंटाळा नाही आला?”

“आला की. पन मामा रोज संध्याकाळी यायचा, बघायचा आणि इचारायचा, ‘आज कुठं थरथरला?’ मीच बोट ठेवून दाखवायचं. मग म्हनायचा, उद्या तेवढंच बघ.”

मी तिथल्या पाटावर बसलो. म्हणालो, “मधुकर, सरहद्दीवर माझा एक उस्ताद होता. तो हेच विचारायचा.”

त्यानं कुंचला पाण्यात बुडवला. “मग त्या अकरा कलमांत हे कुठं हाय?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग फाड ती यादी.”

सोमवारी भिंतीवरची यादी उतरवली. तिथं फळा लावला. फळ्यावर दोनच रकाने: आज काय चुकलं, उद्या एकच काय. नियम एक. आपली चूक आपणच लिहायची, दुसऱ्याची नाही. पहिली मी लिहिली: ‘म्हात्रे. अकरा कलमं एकदम सांगितली.’ मधुकरनं ती मोठ्यानं वाचली आणि खडू मागितला.

सराव एकच. एकानं हँडसेटवर निरोप सांगायचा, दुसऱ्यानं तो परत बोलायचा, पहिल्यानं ‘बरोबर’ म्हटल्यावरच हात हलवायचा. ‘व्हय’ बंद. गोंगाटासाठी कॅन्टीनमधून स्टीलचं ताट आणि पळी आणली. ताट वाजवायला रमाकांत पुढे, बोटांना पट्टी असतानाही. चुकणाऱ्याला मी उत्तर सांगत नसे. विचारत असे, “कुठं सुटलं?” बहुतेक वेळा त्याचं त्यालाच सापडायचं. फील्डवरचा सलीम घाईत शेवटचा शब्द गिळायचा, म्हणून त्याला पंधरा दिवस फक्त शेवटचे शब्द दिले. मधुकर बोलणाऱ्याच्या मध्येच ‘व्हय’ म्हणायचा. त्याला सांगितलं, दुसरा बोलत असताना ओठ मीट, बस. त्याला एकवीस दिवस लागले. त्यानंच मोजले.

महिन्याच्या शेवटी मॅनेजर फळा बघून म्हणाले, “म्हात्रे, चुका वाढल्यात की.”

“वाढल्या नाहीत, साहेब. आता लिहिल्या जातायत.”

त्यांना फारसं पटलं नाही, पण दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही.

कॅन्टीनच्या अनसूयामावशी ताट परत मिळत नाही म्हणून आधी भांडल्या. नंतर त्यांनी आमचाच डाव आमच्यावर उलटवला. सलीम म्हणायचा, “मावशे, दोन कटिंग, एक बिनसाखर, तीन पाव.” मावशी हात कमरेवर ठेवून, “दोन कटिंग, एक बिनसाखर, तीन पाव. बरोबर?” सलीम “व्हय” म्हणाला की, “व्हय नाय रे बाबा, बरोबर बोल, नायतर चहा नाय.” शेजारची भांडी घासणारी म्हणायची, “तू पन मिल्ट्रीत भरती झालीस काय गो?”

तीन महिने भरायला नऊ दिवस होते, तेव्हाची गोष्ट.

सकाळी दहा चाळीस. तीन नंबरच्या टाकीची सफाई चालू होती. रमाकांत आत उतरला होता. त्याच वेळी तेरा नंबरची टाकी भरून झाली होती आणि आतल्या मालानं पेट घेऊ नये म्हणून तिला नायट्रोजन द्यायचा होता. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. तो बंद टाकीत भरला की आतल्या माणसाला कळतही नाही. चार-दोन श्वासांत तो खाली पडतो आणि परत उठत नाही. तीन नंबरची नायट्रोजनची लाइन आधी तोडून, म्हणजे टाकीपासून सुटी करून, ठेवायला हवी होती. ती तोडायची राहून गेली होती. हे आम्हाला नंतर कळलं.

मी कंट्रोल रूमच्या दारात होतो. बाजूचा कॉम्प्रेसर चालू होता. हँडसेटवर सलीमचा आवाज खरखरत आला. निरोप नायट्रोजनचा, हे मला कळलं. नंबर मला ऐकू आला नाही. मधुकरला आला. त्याचा हात पॅनेलवर तीन नंबरच्या बटणाकडे गेला.

हात थांबला. ओठ मिटलेले होते. मग त्यानं हँडसेट तोंडाशी नेला.

“परत बोलतो. तीन नंबरला नायट्रोजन सोडतो. ओव्हर.”

मग सलीम ओरडला.

“नाय! नाय! तेरा! दहावर तीन, तेरा! तीनमंदी रमाकांत हाय!”

मधुकरनं हात बटणावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. आवाज सरळ होता.

“परत बोलतो. तीन नंबर नाय. तीनमधे माणूस हाय. तेरापन थांबवतो. आधी रमाकांतला भाईर काढ. ओव्हर.”

“बरोबर. भाईर काढतो.”

दहा सेहेचाळीसला रमाकांत टाकीबाहेर आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. अंग घामानं भिजलेलं, तोंडावर गंज. म्हणाला, “काय झालं? चहा आला काय?” सलीमनं त्याला मिठी मारली. रमाकांत म्हणाला, “अरे सोड, मळ लागेल.”

लाइन तोडल्याशिवाय त्या दिवशी पुन्हा कुणी टाकीत उतरलं नाही. तेव्हापासून कधीच नाही. मॅनेजर स्वतः टाकीपर्यंत चालत आले, लाइन बघितली आणि तीन महिन्यांचं काही बोलले नाहीत. दहा मिनिटं कायमची झाली.

शिफ्ट सुटताना फळ्यासमोर सगळे थांबले. मधुकरनं लिहिलं: ‘तेरा होतं, तीन ऐकलं.’ सलीमनं लिहिलं: ‘शेवट गिळला.’ टाकीत उतरायच्या परमिटवर सही करणाऱ्यानं लाइनचं लिहिलं. मग मी खडू घेतला. सैन्यात आम्ही आकडे सुटे करून बोलतो. तेरा म्हणत नाही, एक-तीन म्हणतो. ते शिकवायचं मी पुढं ढकललं होतं. मी तसंच लिहिलं, आणि शेजारच्या रकान्यात: ‘उद्या: एक-तीन.’

परतीच्या गाडीत मधुकर माझ्यासमोर बसला. नागोठणं गेल्यावर म्हणाला, “मिल्ट्री, तो तुझा उस्ताद. आता कुठं असतो?”

हे मी कासूत कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

चौकीवरचं दुसरं वर्ष. उस्ताद पेट्रोलवर, म्हणजे गस्तीला, गेले होते, त्यांना धरून सात जण; मी सेटवर होतो. परतीच्या वाटेवर गोळीबार झाला. उस्ताद सेटवर आले. आवाज नेहमीसारखाच बारीक.

“दोन जखमी. स्ट्रेचर पार्टी पाठव. नाल्यानं नको, नाल्यात सुरुंग. डाव्या धारेनं ये. आकडे घे.”

त्यांनी सहा आकडे दिले. मी परत बोललो. आकडे सगळे बरोबर आले. डोंगराची धार मात्र मी उजवी म्हणालो.

“चूक. डावी. परत बोल.”

“डाव्या धारेनं. नाल्यात सुरुंग.”

“बरोबर. आउट.”

दोन वाजून वीस मिनिटं. लॉगमध्ये वेळ माझ्याच हातानं लिहिलेली आहे. स्ट्रेचर पार्टीचे सहा जण डाव्या धारेनं गेले. उजव्या धारेवरही सुरुंग होते, असं दुसऱ्या दिवशी कळलं. पेट्रोलमधले सहा परत आले. दोन जखमींपैकी एक उस्ताद स्वतः होते. सेटवर ते त्यांनी सांगितलं नव्हतं. पार्टी पोचली तेव्हा ते गेले होते. हँडसेट हातात होता.

त्या संध्याकाळी पाच वाजता मी वहीत लिहिलं: ‘आज चुकलं: डावी, उजवी.’ विचारायला कुणी नव्हतं.

कासू आलं. मी उठलो. मधुकरही उठून दारापर्यंत आला.

“नाव काय त्यांचं? पुरतं.”

“हवालदार यशवंत जगदाळे.”

गाडी थांबत होती. त्यानं दांडीला धरलं, ओठ मिटले आणि माझं बोलणं संपल्याची खात्री केली.

“परत बोलतो,” तो म्हणाला. “हवालदार यशवंत जगदाळे.”

“बरोबर,” मी म्हणालो, आणि उतरलो.