मेन स्विच आणि क्लाउड

मंडळी, आमच्या जव्हारच्या पाणीपुरवठा ऑफिसात निघताना मेन स्विच बंद करायची जुनी सवय आहे. इथल्या विजेचा भरवसा नाही.

काल टँकरच्या मागणीचा डेटाबेस क्लाउडवर टाकला. बॅकअप, अपडेट सगळं आता क्लाउडवाली कंपनीच बघणार म्हणे. दिवसभराच्या कामाने दमलो होतो. निघताना स्क्रीनवर ‘स्टॉप’ दिसलं, सवयीने ते दाबलं आणि घरी गेलो.

आज सकाळी सूर्यमाळहून कुसुमताईंचा फोन आला. पाड्यांची पाण्याची मागणी त्या कालपासून थेट मोबाइलवरून भरतात.

“सर, काल किती येळा पाठवलं, जातच नाय. आज टँकर नाय आला. बाया हंडे घेऊन बसल्यात.”

त्यांना रेंज मिळते ती टेकडीवर, तीही कामं उरकून संध्याकाळी चढल्यावर. म्हणजे आम्ही सगळं बंद करून जातो तेव्हा.

डेटाबेस चालू केला, टँकरवाल्याला फोन लावला. “आता उद्याच,” तो म्हणाला.

दुपारी क्लाउड कंपनीच्या ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये मला विचारलं, “तुमचा रोल कोणता? डेव्हलपर, ॲडमिन की ॲनालिस्ट?” इथे तिन्ही मीच.

पण टेकडीवर फोन उंच धरून उभी राहणारी बाई यातल्या कुठल्या रोलमध्ये बसते, कुणी सांगेल का?