आत दुमडलेलं कापड

मास्तर उत्तम शिंपी. गल्लीतल्या दुसऱ्या शिंप्याचा त्यांनी कधी हेवा केला नाही. त्यांनी हेवा केला तो देवाचा, आणि तोही बायकोपायी.

तीस वर्षं संसार करून ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि देवाला 'अरे'. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर डोळे मिटून बसायची आणि पुटपुटायची. लेकीचा ताप, नासलेलं दूध, शेजारणीची कुरबुर, सगळं त्याला सांगून मोकळी. मास्तरांनी विचारलं तर, "काही नाही हो." मग मास्तर कात्री जरा जोरातच टेबलावर ठेवायचे. घरात दोन कानांचा धडधाकट माणूस असताना बाहेरच्याला सांगायची गरजच काय?

मग ती आजारी पडली. डॉक्टर बोलले ते मास्तरांना पेलवेना. ती मात्र घरी आली आणि तडक स्टुलावर जाऊन बसली. दुखतंय का विचारलं की "बरंय" म्हणायची. पण शिंप्याच्या नजरेला कोण फसवणार? ती दर महिन्याला बारीक होत होती. दुपारी तिचा डोळा लागला की मास्तर तिचे कपडे गुपचूप टीप मारून आत घ्यायचे. सैल लागले तर तिला कळेल, ही भीती. जास्तीचं कापड मात्र ते कापायचे नाहीत, आत दुमडून ठेवायचे. बरी झाली की उसवून पुन्हा सैल करता येईल, असा त्यांचा हिशोब.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, केवढी हिची श्रद्धा, देवाच्याच जोरावर उभी आहे. मास्तरांच्या पोटात दुखायचं. पाय चेपायचे यांनी, पथ्याचं रांधायचं यांनी आणि नाव त्याचं!

पुढे तिला एकटीने बसवेना, तेव्हा लेक मागून धरून बसायची. मास्तर तेवढ्यात मुद्दाम खाली दुकानात निघून जायचे. त्या दोघांच्या बोलण्यात आपण तिसरे कशाला?

ती जाऊन महिना झाला तरी जळजळ काही शमेना. शेवटी त्यांनी लेकीला विचारलंच, आई त्याच्याशी काय बोलायची.

लेकीने आधी टाळलं. मग म्हणाली, "तुमचंच बोलायची, बाबा. रोज शिवण चाचपायची आणि सांगायची, कापड आहे रे अजून आत. ह्यांनी आशा सोडली नाही, तर मी कशी सोडू?"

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मास्तरांना हसू आलं, रडूही आलं. आणि शेवटी काय म्हणायची, असं त्यांनी विचारलं.

"एका सकाळी हाताला कापड लागलं नाही. मग म्हणाली, ह्यांनी कापलं रे. आता माझं राहू दे, ह्यांना सांभाळ. त्यानंतर तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही."

मास्तरांना कापलं तो दिवस आठवला. दुमडून जाड झालेली शिवण तिच्या हाडांवर रुतायची, कूस बदलताना तिचा चेहरा पिळवटायचा. म्हणून कापलं होतं. तिला मात्र त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मास्तर त्या बुटक्या स्टुलावर बसले. गुडघे पार छातीशी आले. प्रार्थना त्यांना येत नव्हती आणि राग अजून गेला नव्हता.

"ती तुझ्याकडे आहे," ते म्हणाले, "आणि ऐकते तुझंच. तिला सांग, शिवण टोचत होती म्हणून कापलं."